गवतातली चामडी पिशवी

हाफनर्स लँडिंग,
मंगळवार, ८ सप्टेंबर १९०८

चि. वेंडेल यास,
ओटिलीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणशील तर क्षेम नाही.

आमचा बेसबॉलचा संघ तुम्हाला हरवून रविवारी बोटीने परत आला. धक्क्यावर वाजंत्री, झेंडे, अख्खं गाव लोटलेलं, आणि सगळ्यांच्या पुढे आपला भला मोठा भोंगा फुंकत तुझे दाजी. एमिलला बेकरीत कधी इतका जोर चढलेला मी पाहिला नाही. मी कोपऱ्यात उभी होते. तू कोव्हर्लीच्या संघातून खेळतोस, तेव्हा मी हसू की रडू? पण जो तो येऊन माझंच अभिनंदन करायला लागला. भाऊ असावा तर असा, म्हणे. आणि वर डोळा मिचकावायचा! मला वाटलं, चिडवताहेत.

काल कोव्हर्लीचं वर्तमानपत्र हाती आलं तेव्हा उलगडा झाला. त्यात छापलंय की नऊ डावांत बरोबरी सुटेना म्हणून खेळ वाढत वाढत सतराव्या डावापर्यंत गेला, आणि अंधारून येताना आमच्या लॅमर्सने टोलवलेला चेंडू सरपटत तुझ्याकडे आला. आईने एप्रनमध्ये अडवला असता असला चेंडू! तू धावलास, मध्येच थांबलास, वाकलास, आणि गवतातून एक चामडी पिशवी उचलून हात वर करून उभा राहिलास. चेंडू तुझ्या बाजूने कुंपणापर्यंत गेला आणि लॅमर्स चक्कर पूर्ण करून जिंकून गेला. स्वस्तातल्या बाकांवर बसलेला कुणी शिंपी सांगतो की त्याने पिशवी नीट पाहिली. तपकिरी, तोंड आवळलेली, गच्च भरलेली. ती तुझ्या जन्मगावानेच तुझ्यासाठी तिथे ठेवली होती, असंही वर लिहिलंय.

मी तो कागद भट्टीत घातला. पण वाचलेलं थोडंच जळतं? त्यात तुझ्या दाजींनी काल मला हॅट आणली, वर पिसांचा पक्षी बसवलेली. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःहून मला साधी टाचणी आणलेली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आणि तुझंही काही ठीक नाही, ते मी ईस्टरलाच ओळखलं होतं. शनिवारी दिवेलागणीला तू गाडीतून उतरलास. मी स्टेशनवर घड्याळाखाली उभी. माझ्या तोंडाकडे सरळ बघून तू पुढे निघून गेलास! मीही हाताची घडी घातली. म्हटलं, बघू या साहेब कुठवर जातात ते. दुधाच्या कॅनवर धडपडलास आणि दाजींनी हाक मारली तेव्हा वळलास. मी ते विसरलेले नाही.

माझं एकच विचारणं आहे. त्या पिशवीत काय होतं?

माया आहे, पण सध्या ती उत्तराची वाट बघत बसली आहे.
तुझी,
ओटिलीताई


कोव्हर्ली,
१२ सप्टेंबर १९०८

ती. ओटिलीताईस,
वेंडेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडताना बोटं भाजली.

पिशवी नव्हती गं. आईची शपथ घेऊन सांगतो, कुणाच्या दमडीला मी शिवलो नाही. खेळ कसा झाला तो ऐक. दोन्हीकडचे चेंडूफेके पहिल्यापासून तेच, दोघांचे खांदे निखळायला आलेले, पण हटायला एकही तयार नाही. चेंडूही तोच, एकुलता एक. तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी तो डांबरासारखा काळा झालेला आणि मार खाऊन खाऊन उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ. चौदाव्या डावात आमचा मॅलकी टियर्नी एवढ्या जोरात घसरत आला की त्याची विजार फाटली, आणि बायकांच्या बाकांकडे पाठ होऊ नये म्हणून तो पुढचे सगळे डाव तिरका चालत होता. तुमचा हॅबिग बाद झाला की शिव्या देत डाव्या कोपऱ्यात यायचा आणि डाव संपला की आपला हातमोजा तिथेच गवतात टाकून जायचा. तसे आम्ही सगळेच टाकतो, इथली रीतच आहे ती. पण त्याच्या हातमोज्याला तुझ्या बेकरीतल्या चरबीचा वास येतो, हे त्याला सांग. मला तिथे सबंध दुपार उभं राहायचं होतं.

सूर्य चामड्याच्या कारखान्यामागे गेला तेव्हा पंच म्हणाला की आता हा शेवटचा डाव. आणि तो चेंडू आला. मला अंदाज आला नाही. एवढंच झालं.

सामने भरवणाऱ्या संघटनेचे सचिव येत्या २६ तारखेला चौकशी करणार आहेत. तोवर मला मैदानात पाऊल टाकायची बंदी आहे. मी खेळ विकला असं त्यांचं मत झालं तर या देशातला कुठलाही संघ मला जन्मात उभा करणार नाही. मला दुसरं येतं काय? तुझ्याकडे येऊन पीठ मळू का?

हॅटचं दाजींना विचार, मला नको. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

मोठ्या बहिणीने रागवावं, पण थोडी माया राखून.
तुझा,
वेंडेल


हाफनर्स लँडिंग,
१५ सप्टेंबर १९०८

चि. वेंडेल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार पानं लिहिलीस. मॅलकीच्या विजारीवर अर्धं पान, हॅबिगच्या वासावर चार ओळी, आणि जिथे खरी गोष्ट आहे तिथे तीन शब्द. म्हणे अंदाज आला नाही! लहानपणी आम्ही गच्चीवरून आलुबुखार फेकायचो तर तू ते पाठमोरा झेलायचास. कुणाला सांगतोस?

तुझ्या दाजींची मी झडती घेतली. मळलेल्या कणकेवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली की हॅट आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची आहे, आणि तो वाढदिवस विसरले मी. तरी मी हॅटवालीकडे जाऊन खातरजमा केली. ऑगस्टमध्येच सांगून ठेवली होती म्हणे. तेव्हा दाजी सुटले, आणि मी जरा तोंडघशी पडले. आता राहिलास तू.

स्टेगमनबाईंची लिना कोव्हर्लीत दुकानात कामाला आहे, तिने तुला पाहिलं. संध्याकाळी एका तांबड्या केसांच्या बाईच्या हातात हात अडकवून, अगदी खेटून चालला होतास. लिनाने समोरून हात केला तर ओळखसुद्धा दिली नाहीस. कोण ही बाई? पैजा लावणारे लोक अशाच बायकांना पुढे करतात असं मी ऐकलंय.

ईस्टरचंही आठव. आई म्हणाली, दिव्यापाशी बसून चार ओळी वाचून दाखव, तर तुझा घसा बसला. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिला घेऊन जा म्हटलं, तर पोट दुखायला लागलं. सगळे अंगणात गप्पा मारत बसले तेव्हा तू कोंबड्यांबरोबर झोपायला गेलास. ज्याचं मन स्वच्छ असतं तो माणसांत बसतो. कुठंतरी पाणी मुरतंय, वेंडेल. मी सख्खी बहीण आहे, सचिव नाही. मला तरी खरं सांग.

माया कुठे जात नाही रे, पण ती हल्ली झोपतही नाही.
तुझी,
ओटिलीताई


कोव्हर्ली,
१७ सप्टेंबर १९०८

सौ. ओटिली ड्रेहर यांस,
डीलिया टियर्नीचा नमस्कार. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या पत्रातली तांबड्या केसांची बाई ती मी. पत्र वेंडेलने टेबलावर उघडं टाकलं होतं आणि मी ते वाचलं. वाचायला नको होतं हे मला कळतं, तेव्हा त्यावर वेगळं बोलायची तसदी घेऊ नका.

वेंडेल आमच्या आईच्या खानावळीत राहतो. फाटक्या विजारीचा मॅलकी माझा थोरला भाऊ. पैजा लावणाऱ्याला आमच्या उंबऱ्यावर उभं केलं तर आई उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन येईल. आता लिनाने जे पाहिलं त्याचं. तिने बरोबर पाहिलं, पण सांगताना उलटं सांगितलं. मी त्याचा हात धरत नाही, तो माझा धरतो. हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचा.

याहून जास्त सांगणार नाही असा त्याला शब्द दिलाय, आणि मी शब्द पाळते. त्या शब्दाचा आता मला फार जाच होतो. तुम्ही संशय घेता त्याला माझी हरकत नाही. पण घ्यायचाच तर नीट घ्या. पिशवीत काय होतं हे विचारून काही हाती लागायचं नाही. ती होती कुणाची, हे शोधा.

तो जेवत नाही. दिवसभर खिडकीशी बसून रिकाम्या मैदानाकडे बघतो. तुमचा राग त्याला लोकांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलाय.

ओळख नसताना लोभ मागू नये, म्हणून मागत नाही.
आपली,
डीलिया टियर्नी


हाफनर्स लँडिंग,
२१ सप्टेंबर १९०८

चि. वेंडेल यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या तांबड्या केसांच्या बाईचं पत्र आलं. भलतीच आगाऊ आहे. मला आवडली.

शनिवारी संध्याकाळी हॅबिग दुकानात आलुबुखाराचा केक खायला आला आणि तोंड भरलेलं असतानाच रडगाणं गायला लागला. म्हणे, त्या कोव्हर्लीत मोकाट कुत्री फार. त्याचा हातमोजा तो नेहमी डाव्या कोपऱ्यात गवतातल्या टकल्या जागेशी टाकतो, बोटं आत दुमडून, गुंडाळी करून, वरून पट्टा आवळून. सतराव्या डावात तू घोळ घातलास आणि त्यानंतर हा आपल्या जागेवर गेला, तर हातमोजा गायब! तुमची शेवटची पाळी उरली होती, ती उघड्या हाताने खेळला. खेळ संपल्यावर तो सापडला थेट कुंपणापाशी. कुत्र्याशिवाय कोण नेणार तिथे, म्हणाला.

माझ्या हातातली सुरी तशीच थांबली. म्हटलं, आण बघू तो इकडे. दाजींना दिवा लावू दिला नाही. दुकानाच्या फरशीवर हातमोजा ठेवला आणि दारात जाऊन पाहिलं. तपकिरी, तोंड आवळलेली, गच्च भरलेली. शिंप्याची पिशवी माझ्यासमोर पडली होती.

देवा रे, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि लगेच दुसरा किडा वळवळला. चेंडू समजून तू तो उचललास, हे उघड आहे. पण त्या अंधुक उजेडात मलाही कळत होतं की हा चेंडू नाही. दाजींनाही कळत होतं. मग तुला का कळू नये?

आई मटार सोलत बसली होती. मी काहीच विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली की ईस्टरला वेंडेल जिना चढताना भिंतीला हात लावत होता, किलियनही असाच लावायचा. मी तिच्यापुढे बसकणच मारली. तुला किलियनमामा आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. तो नाव चालवायचा. दिवेलागण झाली की नाव बांधून घरी यायचा आणि लोक त्याला हसायचे. एका संध्याकाळी उतारूंनी फारच गळ घातली म्हणून निघाला, आणि धक्का आणि नावेच्या मधल्या फटीत पाय पडून बुडाला. गाव म्हणालं, दारू पिऊन पडला. पाद्रीबाबांनी शवपेटीसमोर दारूवरच प्रवचन दिलं. आई आज म्हणाली की त्याने कधी थेंब घेतला नाही, त्याला संध्याकाळनंतर दिसायचंच नाही. त्याने तिला गप्प राहायची शपथ घातली होती, कारण आंधळ्याच्या नावेत बसणार कोण? आणि ती आजवर गप्प राहिली.

वेंडेल, तू मामावर गेलास. तू रातांधळा आहेस. स्टेशनवर मी तुझ्यासमोर उभी होते आणि तुला दिसतच नव्हते रे! माझ्या राजा, हे तू एकट्याने कसं सोसलंस?

२६ तारखेला त्या सचिवांना हे सांगून टाक. चोर म्हणून जगायची तुला काही गरज नाही.

माया दुप्पट झाली आहे, काळजी तिप्पट.
तुझी,
ओटिलीताई


कोव्हर्ली,
२३ सप्टेंबर १९०८

ती. ओटिलीताईस सा. न. वि. वि.

हो. खरं आहे.

चेंडूला बॅट लागल्याचा आवाज आला आणि मी त्या रोखाने धावलो. इतके दिवस कानांवरच निभावत होतो. पायाशी काळा गोळा दिसल्यासारखा झाला, झडप घातली, फेकायला हात वर नेला, आणि बोटांना पट्टा लागला. तोवर लोक ओरडत होते. तो हातमोजा हातात तसाच घेऊन मी कुंपणापर्यंत पळालो. हॅबिगला म्हणावं, कुत्रा मीच.

पण ताई, पाया पडतो, हे कुणाला सांगू नकोस. दिवसा मला गवतातला नाकतोडासुद्धा दिसतो. वर्षातले बहुतेक सामने ऊन असताना संपतात. मॅलकी म्हणतो की पिशवीचा पुरावा कुणाकडेच नाही, सचिव चार शब्द सुनावतील आणि सोडून देतील. ज्यांच्याबद्दल लोक कुजबुजतात असे खेळाडू प्रत्येक संघात आहेत, आणि ते खेळताहेत. पण संध्याकाळी न दिसणाऱ्याला ठेवून घेतलेला संघ तू ऐकलास का? लोकांनी चोर म्हटलं तरी मी मैदानात उभा असेन. आंधळा म्हटलं की घरीच बसायचं.

तू रागावणार, हे ठाऊक आहे. तरी गप्प राहा. तुझ्याकडे हे एवढंच मागतो.

तुझाच,
वेंडेल


हाफनर्स लँडिंग,
२४ सप्टेंबर १९०८

चि. वेंडेल यास आशीर्वाद.

हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी कुणाला सांगणार नाही. तोंड तुझं आहे, नावही तुझं आहे.

फक्त एवढं ऐक. आज आई भर पावसात किलियनमामाच्या थडग्यापाशी जाऊन आली. तिने शब्द पाळला, आणि तिचा भाऊ दारुडा म्हणून पुरला गेला. येता येता मला म्हणाली की शब्द मोडला असता तर तो चार दिवस रुसला असता, बाकी काय झालं असतं? तिच्या या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्याकडे मागते. तुला सुचलं तर कळव.

गप्प आहे, पण कबूल नाही.
ओटिलीताई


कोव्हर्ली,
२७ सप्टेंबर १९०८

ती. ओटिलीताईस सा. न. वि. वि.

अक्षर डीलियाचं आहे, शब्द माझे. माझ्या गालाला आणि डोळ्याला पट्टी आहे. घाबरू नकोस, डोळा शाबूत आहे.

मॅलकी म्हणाला होता तसंच झालं. शिंपी बोलला, मी नाही म्हणालो, सचिवांनी कागद गोळा केले. पुरावा नाही, तेव्हा खेळत राहा, म्हणाले. मी दाराशी पोचलो तेव्हा ते शेजाऱ्याला सांगत होते की पिशवीत काय होतं ते पोराटोरांनाही माहीत आहे, पण करायचं काय? ताई, मला मामाची शवपेटी आठवली. मी परत फिरलो आणि सगळं सांगून टाकलं.

ते हसले गं! सचिव म्हणाले की हे आंधळेपण मोठं सोयीचं आहे, हवं तेव्हा येतं. दिसतंय हे सिद्ध करता येतं, दिसत नाही हे कसं करणार? अंधारेपर्यंत त्यांनी सगळ्यांना थांबवून ठेवलं आणि मैदानात नेलं. गवतात चेंडू आणि हातमोजा ठेवले आणि म्हणाले, चेंडू आण. मी चाचपडत राहिलो. ते म्हणाले, हे सोंग कुणीही आणेल.

मग मॅलकीने त्यांना बाजूला घेतलं. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मला सरळ उभं राहायला सांगितलं म्हणून मी उभा राहिलो. आणि गालावर घण बसला. मॅलकीने चार हातांवरून चेंडू फेकला होता, अगदी जोरात. मला दिसलं असतं तर माझा हात आपोआप वर गेला असता. इतकी वर्षं खेळणाऱ्याला तो आवरता येत नाही, हे मॅलकीला ठाऊक होतं आणि सचिवांनाही. माझा हात खालीच होता.

डीलिया सांगते की सचिवांनी डोक्यावरची हॅट काढली. शिंप्यानेही काढली, आणि मग सगळ्यांनीच. (इथे शाई फुटली आहे ती माझ्यामुळे. डीलिया.)

नाव धुऊन निघालं. संघातून मात्र आभार मानून मोकळं केलं. मॅलकी काल रात्रभर माझ्या खाटेशी बसला होता. मीच त्याला म्हटलं की तुझी नेमबाजी सुधारली आहे.

शनिवारी निघतो. गाडी संध्याकाळचीच आहे, दुसरी नाही.

तुझ्या मायेला आता पारखायला येतो आहे.
वेंडेल


हाफनर्स लँडिंग,
३० सप्टेंबर १९०८

चि. वेंडेल यास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी भर दुकानात मोठ्याने वाचलं. आईने वाचायला लावलं. मामाचंही सगळं तिने तिथेच सांगितलं, पाव घ्यायला आलेल्यांनी ऐकलं, आणि दुपारपर्यंत पाद्रीबाबांच्या कानावर गेलं. ते स्वतः आईकडे येऊन गेले. रविवारी किलियनमामासाठी पुन्हा प्रार्थना आहे. हॅबिगने केक खाल्लाच नाही. तुझ्या दाजींनी बेकरीतल्या प्रत्येक खांबावर दिवा टांगलाय, मला तर डोळे उघडवत नाहीत. भट्टीसमोर उजेड असतो, पीठ हाताला कळतं. बाकीचं पुढे बघू. त्या डीलियाचा हात धरून ये. आली तर मी तिची परीक्षा घेणार, तिला आधीच सांगून ठेव.

शनिवारी मी तिथेच, घड्याळाखाली असेन. एप्रिलमध्ये हाताची घडी घालून गप्प उभी होते, तू कुठवर जातोस ते बघत. या वेळी गाडी थांबायच्या आधीपासून हाका मारीन. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तू फक्त आवाजाच्या रोखाने सरळ चालत ये.

तुझी,
ओटिलीताई